मुक्तस्रोत लायब्रऱ्यांची वहिवाट आणि वारस

फाइलचा आकार लहान करणे, तारीख-वेळ मोजणे, मजकूर गूढलिपीत बदलून पाठवणे अशी कामे असंख्य प्रोग्रामना लागतात, आणि ती प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये म्हणून एकदाच लिहून कोणत्याही प्रोग्रामला जोडता येतील अशा संचांत ठेवली जातात; अशा संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. लायब्ररीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, जेव्हा कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येईल अशा परवान्याखाली खुली केलेली असते, तेव्हा ती मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स ठरते. या परवान्यांवर गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण त्यांनी मालकीच्या प्रश्नाला खरोखर नवे उत्तर दिले. वहिवाटीच्या प्रश्नाला मात्र त्यांनी हात लावला नाही. चुका कळवणाऱ्यांना उत्तर कोणी द्यायचे, इतरांनी पाठवलेल्या दुरुस्त्या कोणी तपासायच्या, नवी आवृत्ती कोणाच्या सहीने बाहेर पडायची आणि हे काम करणारी व्यक्ती, जिला या व्यवसायात ‘मेंटेनर’ म्हणतात, कंटाळली, आजारी पडली किंवा नोकरीत गुंतली तर तिची जागा कोणी घ्यायची, याबद्दल एकाही प्रमुख परवान्यात शब्द नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी वेगवेगळ्या समूहांनी वेगवेगळ्या काळी ज्या चालीरीती पाडल्या, त्यांतल्या काही टिकल्या आणि काही विस्मरणात गेल्या.

आरंभी हा प्रश्न जाणवलाच नाही, कारण लायब्ररी लिहिणारे लोक पगारी होते. १९५५मध्ये आयबीएमच्या संगणकांच्या ग्राहकांनी ‘शेअर’ नावाचा संघ स्थापन करून एकमेकांनी लिहिलेले प्रोग्राम वाटून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या देवाणघेवाणीत उतरलेल्या कंपन्यांच्या पदरी प्रोग्रामर होतेच. १९८५च्या सुमारास जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी गणिती लायब्रऱ्या ई-मेलने मागवता येतील अशी ‘नेटलिब’ ही व्यवस्था उभारली, तिच्याही पाठीशी राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि बेल लॅब्स होत्या. माणूस गेला तरी खुर्ची रिकामी राहत नसे. १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पात प्रथम मोठ्या प्रमाणावर स्वेच्छेने काम करणारी माणसे आली. तिथे प्रत्येक प्रोग्रामचा मेंटेनर प्रकल्पाकडून नेमला जाई आणि काम सोडताना त्याने तसे कळवावे अशी अपेक्षा असे, म्हणजे वहिवाटदार स्वयंसेवक असला तरी नेमणुकीचा अधिकार एका केंद्राकडे होता.

असे केंद्र नसलेल्या ठिकाणी काय घडते, याचे पहिले ठळक उदाहरण वेब सर्व्हरचे आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी लिहिलेला सर्व्हर त्या काळी सर्वाधिक वापरात होता. १९९४च्या मध्यास त्यांनी ती संस्था सोडली आणि त्याची सुधारणा थंडावली. जगभरचे वेबमास्टर आपापल्या दुरुस्त्या, ज्यांना ‘पॅच’ म्हणतात, आपापल्या यंत्रांवर लावून काम भागवत राहिले, आणि अखेरीस त्यांच्यापैकी काहींनी त्या एकत्र करायचे ठरवले. आठ जणांच्या या गटाने एप्रिल १९९५मध्ये पहिली सार्वजनिक आवृत्ती काढली आणि सुमारे वर्षभरात ‘अपाची’ हा जगातला सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. या गटाने वारस म्हणून व्यक्ती निवडली नाही. बदल स्वीकारायचा की नाही हे मतदानाने ठरवणारे मंडळच त्या जागी बसवले. मंडळातून एक माणूस गेला तरी काम थांबत नाही, हा धडा इतका पक्का बसला की १९९९मध्ये स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने पुढे मेलेल्या प्रकल्पांचीही सोय लावली: ज्यांना चालवायला पुरेशी माणसे उरली नाहीत ते प्रकल्प २००८पासून ‘ॲटिक’ म्हणजे माळा या नावाच्या विभागात रीतसर ठेवले जातात. प्रकल्प चालू नाही हे स्पष्ट सांगणारी संस्था त्या क्षेत्रात विरळाच होती.

बहुतेक लायब्रऱ्यांच्या नशिबी मात्र मंडळ नव्हते, तर एका हातातून दुसऱ्या हातात जाणे होते. एरिक रेमंड यांनी १९९७मध्ये वाचलेल्या आणि पुढे फार गाजलेल्या ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ या निबंधाचा कच्चा माल असाच एक हस्तांतरित प्रोग्राम होता. कार्ल हॅरिस यांचा ‘पॉपक्लायंट’ रेमंड यांच्याकडे आला आणि त्याचा ‘फेचमेल’ झाला. ज्याला आपल्या प्रोग्राममध्ये रस उरला नाही त्याने तो लायक माणसाच्या हाती सोपवावा, हे त्याचे शेवटचे कर्तव्य, असा दंडक रेमंड यांनी त्या निबंधात घातला. आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये आणि मोटारीत आढळणाऱ्या ‘कर्ल’ या लायब्ररीचे मूळही ब्राझीलच्या रफाएल सागुला यांनी लिहिलेल्या एका लहानशा साधनात आहे, जे स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्ग यांनी आपल्याकडे घेतले आणि १९९८मध्ये कर्ल या नावाने पुढे आणले. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील एरिक यंग आणि टिम हडसन यांनी नव्या नोकरीमुळे आपल्या ‘एसएसएलइएवाय’ या गूढलिपी लायब्ररीचे काम थांबवले आणि तिच्या वापरकर्त्यांपैकी काहींनी तीच संहिता घेऊन ‘ओपनएसएसएल’ सुरू केले. ही सारी हस्तांतरणे सुखाने झाली, आणि त्याचे कारण असे की सोडणारा व घेणारा दोघेही त्या लहानशा जगात ओळखीचे होते, निदान एकमेकांचे काम वाचलेले होते. रेमंड यांच्या दंडकातला ‘लायक’ हा शब्द त्या काळी तपासून पाहावा लागत नसे, आणि म्हणूनच तो कसा तपासावा हे त्यांनी सांगितले नाही.

तपासण्याची रीत बसवली ती डेबियनने. १९९३मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला डेबियन हा हजारो स्वतंत्र प्रोग्राम आणि लायब्रऱ्या गोळा करून, एकमेकांशी जुळवून, एकत्र देणारा स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे. अशा प्रकल्पाला ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक गठ्ठ्याला ‘पॅकेज’. पॅकेजचा मेंटेनर हा लायब्ररीच्या मूळ लेखकाहून वेगळा असतो, तो मूळ संहिता आणून डेबियनच्या नियमांत बसवतो आणि तिच्यातल्या चुकांचा पाठपुरावा करतो. अशा शेकडो स्वयंसेवकांपैकी कोणीतरी दर आठवड्याला काम सोडणार हे गृहीत धरून डेबियनने चुकांच्या नोंदवहीतच एक वेगळे खाते उघडले, ज्यात पॅकेजची अवस्था ठराविक खुणांनी लिहिली जाते. ज्याला काम झेपत नाही पण लगेच सोडायचेही नाही तो मदतनीस मागतो. ज्याला सोडायचे आहे पण वारस मिळेपर्यंत थांबायची तयारी आहे तो दत्तक घेण्याची विनंती नोंदवतो. ज्याला थांबणे शक्य नाही तो पॅकेज ‘अनाथ’ जाहीर करतो. अनाथ पॅकेजच्या मेंटेनरच्या जागी गुणवत्ता गटाचे नाव लागते आणि ते घेऊ इच्छिणारा आपला इरादा त्याच खात्यात जाहीरपणे मांडतो. न सांगता गायब झालेल्या मेंटेनरांचा माग काढणारा एक लहान गटही तिथे आहे. मदत, विनंती आणि अनाथपण या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवण्यात या व्यवस्थेचे खरे शहाणपण होते, कारण त्यामुळे थकलेल्या माणसाला अपयशाची कबुली न देता मदत मागता येई.

दुसरी गोष्ट ओळखीची. डेबियनचा पूर्ण सदस्य व्हायचे तर आधीच्या सदस्याला प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र दाखवून, आपल्या डिजिटल चावीवर त्याची सही घ्यावी लागे, आणि त्यापुढे प्रकल्पाची तत्त्वे व तांत्रिक कौशल्य यांची परीक्षा द्यावी लागे. १९९९च्या अखेरीस सदस्य वेगाने वाढू लागले तेव्हा काही महिने भरती थांबवून ही प्रक्रिया पुन्हा बांधली गेली. नवशिके तिला कंटाळत आणि तिच्या संथपणाबद्दलच्या तक्रारी रास्तही होत्या. पर्ल भाषेच्या लायब्रऱ्यांचे १९९५मध्ये सुरू झालेले सीपॅन हे भांडार अधिक मोकळे होते, तरी तिथेही लेखकाचा पत्ता लागत नसेल तर त्याला शोधण्याचा पुरेसा आणि जाहीर प्रयत्न केल्यावरच दुसऱ्याला हक्क मिळत, आणि दत्तक देण्याजोग्या, सोपवायच्या किंवा मदत हव्या असलेल्या लायब्रऱ्या ओळखता याव्यात म्हणून तीन काल्पनिक लेखकांची नावे खुणेसारखी वापरली जात. लिनक्सच्या गाभ्यातही प्रत्येक भागाचा सांभाळ कोण करतो हे सांगणारी एक साधी मजकूर-फाइल आहे, जिच्यात ‘अनाथ’ ही अवस्था अधिकृतपणे नोंदवता येते.

वारस शोधण्याच्या या इतिहासातले सर्वांत व्यवस्थित प्रकरण तारीख-वेळेच्या कोशाचे आहे. कोणत्या प्रदेशात कधी कोणती प्रमाणवेळ होती आणि घड्याळे केव्हा पुढेमागे केली गेली, याची नोंद ठेवणारा हा कोश आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नोकरी करताना १९८०च्या दशकात सुरू केला, आणि लॉस एंजलिसच्या विद्यापीठातील पॉल एगर्ट यांनी त्यातला फार मोठा भाग लिहिला. महाराष्ट्रातल्या फोनच्या सेटिंगमध्येही प्रमाणवेळेचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे दिसते ते याच कोशामुळे. आणि मुंबईने भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ १९५५पर्यंत चालवली, यासारख्या गोष्टी कोशकारांना देशोदेशी तपासाव्या लागतात हे लक्षात घेतले म्हणजे काम किती चिकट आहे हे कळते. ओल्सन यांनी २००९मध्येच आपली निवृत्ती जवळ आल्याचे कळवून कोशाची पुढची सोय लावण्याचा विषय काढला. इंटरनेटचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या मंडळात त्याचा मसुदा चालू असतानाच, सप्टेंबर २०११च्या अखेरीस, ज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने ऐतिहासिक वेळांच्या नोंदींवर आपला हक्क सांगून ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला आणि कोशाचे वितरण बंद पडले. परंतु कागदपत्रे बरीचशी तयार असल्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इंटरनेटची नावे व पत्ते सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने ते आपल्याकडे घेतले. फेब्रुवारी २०१२मध्ये दावा मागे घेतला गेला आणि त्याच महिन्यात कोशाचा समन्वयक कोणी व कसा नेमायचा हे लिहून ठेवणारा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. समन्वयक झाले एगर्टच, म्हणजे काम करणारा माणूस तोच राहिला. बदलले ते एवढेच की तो उद्या नसेल तर पुढचा कोणी नेमावा हे लेखी ठरले. निवृत्तीच्या आधी काही वर्षे ही तजवीज सुरू करणारे ओल्सन यांच्यासारखे मेंटेनर या इतिहासात फार थोडे भेटतात.

हे सगळे संचित पुढच्या पिढीपर्यंत का पोहोचले नाही, याचे कारण भांडारांच्या रचनेत आहे. २००८मध्ये गिटहब आणि २०१०मध्ये जावास्क्रिप्ट भाषेसाठी एनपीएम आले, तेव्हा लायब्ररी प्रसिद्ध करणे काही मिनिटांचे काम झाले. नाव नोंदवायचे, संहिता चढवायची, झाले. मधला डिस्ट्रिब्यूशनचा मेंटेनर, जो प्रत्येक नवी आवृत्ती निदान चाळून पाही, या वाटेवर उरला नाही, आणि लायब्ररी कोणाची हे ओळखपत्रावरून किंवा परीक्षेवरून न ठरता खात्याच्या पासवर्डवरून ठरू लागले. लायब्रऱ्या चिमुकल्या झाल्या आणि त्या एकमेकींवर इतक्या विसंबू लागल्या की मार्च २०१६मध्ये नावावरून झालेल्या वादात एका लेखकाने आपल्या लायब्रऱ्या काढून घेतल्या, त्यात ‘लेफ्ट-पॅड’ ही अकरा ओळींची लायब्ररीही गेली, आणि जगभरच्या कंपन्यांचे प्रोग्राम बांधले जाईनात. त्या घटनेची चर्चा तिच्या योग्यतेपेक्षा जास्त झाली. दोन वर्षांनी घडलेली गोष्ट अधिक बोलकी होती.

डॉमिनिक टार यांची ‘इव्हेंट-स्ट्रीम’ ही लायब्ररी आठवड्याला दहा लाखांहून अधिक वेळा उतरवली जात होती, पण ते स्वतः ती कित्येक वर्षे वापरत नव्हते. २०१८मध्ये एका अनोळखी टोपणनावाने ती सांभाळण्याची तयारी दाखवली आणि टार यांनी प्रसिद्धीचे हक्क देऊन टाकले. नव्या मेंटेनरने सप्टेंबरमध्ये तिला एक उपलायब्ररी जोडली, जिच्यात एका विशिष्ट बिटकॉइन पाकिटातून चलन चोरणारी संहिता दडवलेली होती. ती उघडकीस आली नोव्हेंबरमध्ये. टार यांच्यावर टीकेची झोड उठली, परंतु तिच्यात न्याय कमी होता. दमलेल्या मेंटेनरने तयार असलेल्या माणसाकडे काम सोपवावे, ही रेमंड यांच्या काळापासून सद्गुण मानली गेलेली गोष्टच त्यांनी केली होती. डेबियनची खातेवही किंवा सीपॅनची जाहीर शोधाशोध यांच्यासारखे काही त्यांच्या भांडारात मुळी उपलब्ध नव्हते. पायथन भाषेच्या भांडाराने सोडून दिलेल्या नावांच्या हस्तांतरणाचे लेखी नियम स्वीकारले तेही २०१८मध्येच, भांडार सुरू होऊन पंधरा वर्षे लोटल्यावर. त्याच भाषेतल्या काहींनी २०१५मध्ये ‘जॅझबँड’ नावाची सामायिक संघटना काढून एकट्याच्या डोक्यावरचे लायब्रऱ्यांचे ओझे अनेकांत वाटण्याचा प्रयोग केला होता.

दरम्यान पैशाचा विचार सुरू झाला होता. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाने ओळखली जाणारी चूक सापडली, जिच्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतला गोपनीय मजकूर बाहेरच्या माणसाला वाचता येत असे. ती दोन वर्षे वापरातल्या आवृत्तीत होती. जगाच्या सुरक्षित व्यवहारांचा मोठा भाग ज्या लायब्ररीवर चालतो तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच आहे आणि तिला वर्षाकाठी देणग्या मिळतात त्या सुमारे २,००० डॉलरच्या, हे तेव्हा लोकांना कळले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून अशा लायब्रऱ्यांसाठी निधी उभारला, पुढे २०१९मध्ये गिटहबनेही प्रायोजकत्वाची सोय केली. या मदतीने ओपनएसएसएल सावरले यात शंका नाही. तरीही पैसा हा वहिवाटीच्या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे, कारण निधी आहे त्या मेंटेनरला टिकवू शकतो. पण नवा कोण, त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, हे निधी ठरवू शकत नाही.

तो उरलेला अर्धा भाग ‘एक्सझेड’च्या प्रकरणात उघडा पडला. फाइलींचा आकार कमी करणारी ही लायब्ररी फिनलंडचे लासे कोलिन २००९पासून जवळजवळ एकट्याने सांभाळत होते आणि ती बहुतेक सर्व लिनक्स डिस्ट्रिब्यूशनमध्ये होती. २०२१च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने चांगल्या, नेटक्या दुरुस्त्या येऊ लागल्या. २०२२च्या वसंतात, पूर्वी कधी न दिसलेली काही नावे कोलिन यांच्यावर उखडू लागली: कामे रखडतात, पॅच पडून राहतात, झेपत नसेल तर दुसऱ्याला मेंटेनर करा. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे आणि आपली ताकद मर्यादित आहे, असे कोलिन यांनी उत्तर दिले, आणि जिया टॅन यांची मदत होत असून पुढे त्यांच्याकडे मोठी जबाबदारी जाऊ शकते असेही सुचवले. तसेच झाले, २०२३पासून आवृत्त्या जिया टॅन या नावानेच निघू लागल्या. तक्रार करणारी ती नावे त्यानंतर दिसेनाशी झाली.

फेब्रुवारी २०२४च्या ५.६.० आणि पाठोपाठच्या ५.६.१ या आवृत्त्यांत चाचणीसाठी ठेवलेल्या वरकरणी निरुपद्रवी फाइलींमध्ये घातक संहिता दडवलेली होती, आणि ती जागी करणारी कळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ संहितेत नव्हती, तर डिस्ट्रिब्यूशनना दिल्या जाणाऱ्या तयार गठ्ठ्यात होती. डेबियन आणि फेडोरा यांच्यासारख्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये दूरच्या सर्व्हरवर प्रवेश देणारा प्रोग्राम एका मधल्या लायब्ररीमार्फत एक्सझेडला जोडला जात असे, त्यामुळे ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त चावी आहे त्याला अशा यंत्रावर हवी ती आज्ञा चालवता आली असती. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉयंड यांना प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसर उगाच राबतो हे खटकले, त्यांनी खणून काढले आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व काही जाहीर केले. या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या डिस्ट्रिब्यूशनपर्यंतच पोहोचल्या होत्या. जिया टॅन ही व्यक्ती होती की गट, हे आजवर उघड झालेले नाही.

इथे इव्हेंट-स्ट्रीमपेक्षा वेगळे असे पुष्कळ आहे. कोलिन यांनी कोणा अनोळख्याला मागितल्याबरोबर काही दिले नव्हते. उमेदवाराने दोन वर्षांहून अधिक काळ खरे काम केले होते, आणि कामावरून माणूस पारखावा हा या समाजाचा सर्वांत जुना, सर्वांत आदरणीय निकष त्याने पुरेपूर भरला होता. हल्लेखोराने संहितेतली चूक शोधण्यापेक्षा वारस नेमण्याची रीत अभ्यासली, आणि त्या रीतीत थकलेल्या माणसावर दडपण आणता येते ही फट त्याला सापडली. एप्रिल २०२४मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांची पालक संस्था असलेल्या ओपनजेएस फाउंडेशनने, आपल्याकडेही फारसा सहभाग नसलेल्या लोकांकडून ‘आम्हाला मेंटेनर करून घ्या’ अशी आग्रही पत्रे आल्याचे कळवून, इतर प्रकल्पांना सावध केले.

या पार्श्वभूमीवर गो भाषेतल्या ‘गोरिला’ या वेब लायब्रऱ्यांचे प्रकरण, जे एक्सझेडच्या गौप्यस्फोटाआधीच घडले होते, नव्याने वाचण्यासारखे आहे. नवे मेंटेनर हवेत अशी जाहीर हाक देऊन बराच काळ उलटला, तरी सातत्याने काम करून विश्वास कमावलेले कोणी पुढे आले नाही, तेव्हा डिसेंबर २०२२मध्ये त्यांच्या चालकांनी त्या ज्याच्या त्याच्या हाती न देता सरळ गोठवल्या, म्हणजे संहिता वाचता येईल पण बदलता येणार नाही अशी करून ठेवली. वापरकर्ते नाराज झाले. जुलै २०२३मध्ये मात्र नव्या मेंटेनरांचा एक गट उभा राहिला आणि लायब्रऱ्या पुन्हा सुरू झाल्या; गोठवल्याची बातमी पसरली नसती तर हा गट इतक्या लवकर जमला असता असे वाटत नाही.

कायद्याने या क्षेत्रात पाऊल टाकले ते युरोपात. युरोपीय संघाच्या २०२४च्या सायबर-लवचीकता कायद्याने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा ‘स्ट्यूअर्ड’ अशी एक नवी भूमिका निर्माण केली: व्यापारी वापरासाठीच्या सॉफ्टवेअरला सातत्याने आधार देणाऱ्या संस्थेने सुरक्षेचे धोरण ठेवावे आणि धोके कळवावेत, पण उत्पादकाइतका बोजा तिच्यावर नसावा. ही व्याख्या संस्थांपुरती आहे. एकट्याने, विनामोबदला लायब्ररी सांभाळणारी व्यक्ती तिच्या कक्षेबाहेर राहते, आणि तसे असावे यासाठी त्या व्यक्तींनीच आग्रह धरला होता, कारण छंदाच्या कामावर दंडाची टांगती तलवार कोणालाच नको होती. परिणामी अपाचीसारख्या मंडळांवर कायद्याची नजर असेल, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या असंख्य लहान लायब्रऱ्यांची वहिवाट पूर्वीसारखीच त्या दोघांच्या आपसातल्या विश्वासावर चालेल.